‘चाय’ची पाटी आणि अम्मींचं ताट

हो ची मिन्ह शहरात आमची दुसरी सकाळ उजाडली, तेव्हा आदल्या दुपारपासून अम्मींच्या पोटात दोन केळी, चार खजूर आणि घरून नेलेल्या पोळीचा शेवटचा तुकडा एवढंच गेलं होतं. साखरेची गोळी मात्र त्यांनी वेळेवर घेतली होती. नऊच्या सुमारास त्यांच्या हाताला कंप सुटला, कपाळावर घाम आला. पाण्यात साखर कालवून पाजली, तेव्हा अर्ध्या तासाने त्यांना बरं वाटलं. अलहम्दुलिल्लाह, एवढ्यावर निभावलं. पण त्या अर्ध्या तासात एक गोष्ट आम्हां दोघांना पक्की कळली. सहलीचा बेत आखताना विमान, हॉटेल, व्हिसा सगळं पाहिलं होतं. सत्तरीच्या बाईने पोटभर काय खायचं, हे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलं होतं.

अम्मी उपाशी राहिल्या त्याला कारणही आम्हीच. पहिल्या दिवशी एका साध्या दुकानात ‘भाज्यांचा फो’ मागवला. फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचा गरम रस्सा, व्हिएतनामचं रोजचं खाणं. वाडग्यात टोफू होता, भाजी होती, मांसाचा एक तुकडाही नव्हता. अम्मींनी बिस्मिल्ला म्हणून चमचा उचलला, तेवढ्यात आमच्या धाकटीने दुकानाच्या तोंडाशी उकळणाऱ्या मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यात हाडं होती. सगळ्या वाडग्यांत रस्सा त्याच पातेल्यातला. दुकानदाराने फसवलं नव्हतं. आम्ही भाज्या मागितल्या, त्याने भाज्या घातल्या. अम्मींनी चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर बाहेरच्या कशालाच हात लावला नाही.

साखर उतरल्याच्या त्या सकाळी आम्ही गल्लीत चहा शोधायला निघालो आणि एका पाटीवर रोमन अक्षरांत चक्क ‘चाय’ लिहिलेलं दिसलं. आत शिरलो तर चहा नव्हताच. काचेच्या कपाटामागे भाताचं मोठं पातेलं आणि दहा-बारा भाज्यांचे ट्रे मांडलेले होते. व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. बौद्ध परंपरेतून आलेला हा शब्द. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे वर्ज्य करतात. काही जण कायमचे चाय असतात. त्यांची पंधरावी तिथी म्हणजे साधारण आपला तेरावा-चौदावा चांद. ज्या दिवसांत आपल्याकडे अय्यामे बीजचे रोजे धरतात, त्याच सुमारास तिकडे चायच्या दुकानांत गर्दी होते. अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

या दुकानांचा थाट काहीच नसतो. पत्र्याची टेबलं, प्लास्टिकची बुटकी स्टुलं, कधी कधी तीही फुटपाथवरच. ‘कम चाय’ मागितलं की ताटात भात येतो आणि कपाटातल्या हव्या त्या भाज्यांवर बोट ठेवायचं: टोमॅटोतला टोफू, परतलेली पालेभाजी, मिरी घालून शिजवलेली अळंबी, सोबत पातळ सार. चाळीस-पन्नास हजार डाँग, म्हणजे आपल्या दीडशे रुपयांच्या आसपास एक ताट. इथला फो मुळा, गाजर आणि अळंबीच्या पाण्यात दालचिनी आणि चक्रीफूल घालून करतात. अम्मी वास घेऊन म्हणाल्या, “यात तर आपल्या बिर्याणीचा मसाला आहे.” मग आलं ‘बान सेओ’: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद यांचं तव्यावर चरचरणारं कुरकुरीत धिरडं, आत मोड आलेले मूग आणि अळंबी. कोकणातल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागत नाही. “घावणेच हे,” अम्मी म्हणाल्या आणि दुसरं मागवलं.

एका ताटापाशी मात्र त्या अडल्या. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून मांसासारखे दिसणारे पदार्थ चायच्या दुकानांत सर्रास मिळतात. एक पदार्थ डुकराच्या बरगडीच्या आकाराचा होता आणि नावही तेच. आत सोयाबीनशिवाय काही नव्हतं. मुलं म्हणाली, “मग खायला काय हरकत आहे?” अम्मी म्हणाल्या, “हरकत असेल-नसेल, माझ्या घशाखाली ते नाव उतरत नाही.” आम्ही वाद घातला नाही. ताट बदलून घेतलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शाकाहारी म्हणजे आपोआप हलाल, असं नाही. स्वयंपाकात दारू पडली असेल तर बिनमांसाचं जेवणही आपल्याला चालत नाही. उलट, जे शाकाहाऱ्याला चालत नाही, ते आपल्याला चालू शकतं. व्हिएतनामच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे ‘नुअक माम’, मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. मासा आपल्याला हलाल, त्यामुळे आपली अडचण त्या पाण्याची नसून शेजारच्या कढईची आहे. मिश्र दुकानात त्याच तव्यावर, त्याच झाऱ्याने डुकराचं मांस परतलेलं असतं आणि भातावर सोडलेलं पातीच्या कांद्याचं तेल अनेकदा डुकराच्या चरबीचं असतं. पूर्ण चाय दुकानात निदान ती धास्ती नसते. दुकानाच्या दाराशी देव्हारा असतो, त्यापुढे फळं ठेवलेली असतात. ती सोडून आम्ही कपाटातलंच घेतलं. याहून बारीक प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावेत.

हलाल जेवणही या शहरात आहेच. डाँग डू रस्त्यावर दक्षिण भारतीय मुसलमानांनी 1935 साली बांधलेली मशीद आहे. जुम्म्याची नमाज आम्ही तिथेच अदा केली. परिसरात आणि बेन थान बाजाराजवळ हलाल खाणावळी मिळतात. मेकाँगच्या खोऱ्यात चाम मुसलमानांची गावं आहेत. आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच तेही शाफई. पण पर्यटक रोज मशिदीजवळच असतो असं नाही. लहान गावात, बसथांब्यावर, संग्रहालयाबाहेर भूक लागते, तिथे बहुतेक वेळा चायची पाटीच हाताशी येते.

त्या पाटीखाली जेवताना आम्हां दोघांच्या मनात एक जुनी गोष्ट येत राहिली. काही वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो. जागा पसंत पडली, भाडं ठरलं आणि नाव सांगताच उत्तर आलं, “आमच्याकडे फक्त शाकाहारी हं.” तेव्हापासून ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी दिसली की आमची पावलं आपोआप जड होत. परमुलखात तोच शब्द आम्ही गल्लोगल्ली शोधत होतो. त्या पाटीखाली आम्हांला कुणी नाव विचारलं नाही. अम्मींच्या डोक्यावरची ओढणी पाहून दुकानातली बाई एकच शब्द बोलली, ‘चाय’, आणि ताट पुढे केलं. तो शब्द दार लावण्यासाठी वापरायचा की उघडण्यासाठी, हे शेवटी माणसावरच असतं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. ‘तोय आन चाय’, म्हणजे ‘मी शाकाहारी खातो’, एवढं वाक्य पाठ करा. फोनवर लिहून ठेवा, कारण उच्चार चुकतो. मेनूमध्ये एच, ई, ओ ही तीन अक्षरं एकत्र दिसली तर ते डुक्कर; उत्तरेत त्याला ‘लॉन’ म्हणतात. मिश्र दुकानात शिरलात तर ताटात काय आहे यापेक्षा रस्सा कशाचा, हे आधी विचारा. आणि घरात साखरेचं माणूस असेल तर पहिल्या दोन दिवसांचं कोरडं खाणं बॅगेत ठेवाच.

परतल्यावर अम्मींनी एक नवं पातेलं आणवलं. मुळा, गाजर, अळंबी, दालचिनी घालून रस्सा केला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना डबा पाठवला. त्या शाकाहारी, इतक्या वर्षांत आमच्याकडे चहाशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं. काकूंनी दारातच संकोचून विचारलं, “वेगळ्या भांड्यात केलंय ना?” आम्हांला राग आला नाही. हाच प्रश्न आम्ही आठ दिवस परक्या देशात विचारत फिरलो होतो. संध्याकाळी डबा धुऊन परत आला, आत साखरभात होता.