शुगर १८०? हात धुतले होते का?

कॉलेजच्या हेल्थ कॅम्पमध्ये बोट टोचलं आणि मशीनवर १८० आलं. झालं, डोक्यात थेट इन्सुलिन! थांबा. त्याआधी आंबा खाल्ला होता? बोटाला चिकटलेला रससुद्धा आकडा फुगवतो. साबणाने हात धुऊन, नीट पुसून पुन्हा बघा. ताप, सबमिशनची जागरणं, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही साखर चढते. मग लॅबमध्ये उपाशीपोटी तपासा. उपाशी म्हणजे आठ तास फक्त पाणी, टपरीवरचं कटिंगसुद्धा नाही (हो, सांगावं लागतं!). १००च्या आत असेल तर ठीक. १२६ किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. पण सारखी तहान, सारखी लघवी आणि वजनही उतरतंय? मग आंब्याला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.