अनाहूत दूरध्वनी आणि ग्राहकाचा न्याय

नवी दिल्लीतील मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. कमानी सभागृह आणि दूरदर्शन भवनही येथेच. समजा, आपण काही कामानिमित्त दिल्लीस आला आहात, सदनात उतरला आहात आणि गावी आजारी असलेल्या वडिलांची खुशाली कळण्याची वाट पाहत आहात. दूरध्वनीची घंटा वाजते. आपण घाईघाईने तो कानाला लावता. पलीकडून गोड आवाजात विचारणा होते, "साहेब, आपण आरोग्यविमा उतरवला आहे काय?"

आपण संतापाने संभाषण तोडता आणि थोड्या वेळात तो प्रसंग विसरूनही जाता. पण वाचकहो, या प्रश्नाची खरी अडचण नेमकी येथेच आहे. अशा एका दूरध्वनीने होणारे नुकसान इतके अल्प असते, की त्यासाठी कोणी न्यायाधिकरणाची पायरी चढत नाही. तोच उपद्रव असंख्य कुटुंबांना दररोज सोसावा लागतो; परंतु प्रत्येक जण तो एकट्याने सोसतो. विक्रेत्याचे मात्र तसे नसते. शेकडो नकारांनंतर एक होकार मिळाला, तरी त्याचे भागते.

दिल्लीतील एका ग्राहक महिलेने मात्र ही पायरी चढण्याचे धैर्य दाखविले. तिच्या तक्रारीवरून दिल्ली राज्य ग्राहक आयोगाने २००६ साली भारती एअरटेल, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन, आयसीआयसीआय बँक आणि अमेरिकन एक्स्प्रेस बँक यांना एकूण ७५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. प्रतिपक्षाने उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. प्रकरण अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोपर्निकस मार्ग इंडिया गेटच्या ज्या षट्कोनास मिळतो, त्याच षट्कोनातून निघणाऱ्या टिळक मार्गावर ते न्यायालय उभे आहे. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध कायद्याने अपिलाचा मार्ग दिलेला असताना उच्च न्यायालयाने हा अर्ज ऐकावयास नको होता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. म्हणजे अपील कोठे करावे, एवढा प्रश्न सुटण्यासच पाच वर्षे गेली. एकट्या ग्राहकाने इतका काळ झुंजावे, अशी अपेक्षा आपण किती जणांकडून करणार?

अमेरिकेने या अडचणीवर निराळा उपाय योजला. तेथील १९९१ च्या कायद्याने नियमबाह्य दूरध्वनीची किंमतच ठरवून दिली: प्रत्येक दूरध्वनीमागे ५०० डॉलर आणि हेतुपुरस्सर केला असल्यास १,५०० डॉलरपर्यंत. शिवाय हजारो ग्राहकांच्या वतीने एकच सामूहिक दावा लावता येतो. एका मोठ्या बँकेने २०१४ साली अशा दाव्यात साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले; कित्येक विमा कंपन्यांनीही अशाच तडजोडी केल्या आहेत. वकिलांचे शुल्क वजा जाता प्रत्येकाच्या हाती थोडेच पडते, हे खरे. परंतु कंपनीला भरावी लागणारी बेरीज मोठी असते, आणि वचक बसतो तो त्या बेरजेचा.

आपल्याकडेही हे दार बंद नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार, समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहक आयोगाच्या अनुमतीने तक्रार करू शकतात. उणीव एवढीच, की आपल्या कायद्याने अनाहूत दूरध्वनीचे मोल ठरवून दिलेले नाही. झालेला त्रास ग्राहकालाच सिद्ध करावा लागतो. एकट्याचे दुबळे हात एकत्र आले म्हणजे बलवान होतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती याच विचारावर.

सामूहिक लढ्याची सुरुवात घरातील लहानशा नोंदीपासून होते. १९०९ या क्रमांकावर आपली अनिच्छा नोंदवून ठेवावी. तरीही त्रास झाला, तर दिनांक, वेळ व क्रमांक टिपून सात दिवसांच्या आत आपल्या दूरध्वनी कंपनीकडे तक्रार करावी. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यास आता आपली पूर्वनोंदणीही आवश्यक नाही. २०२५ च्या सुधारणेने ही सोय केली आहे. विक्रीच्या दूरध्वनीसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक नेमून दिलेले आहेत. साध्या दहा अंकी क्रमांकावरून कोणी विमा विकू लागला, तर सावध व्हावे. बंद पडलेल्या पॉलिसीवर बोनस मिळवून देतो, असे विमा नियामक प्राधिकरणाच्या नावाने कोणी सांगितल्यास तो निश्चित लबाड समजावा. कारण ते प्राधिकरण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करीत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे आवर्जून समजावून सांगावे. गोड बोलण्याला भुलून पॉलिसी घेतली गेलीच, तर कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

अशी एक तक्रार केल्याने उद्याचा दूरध्वनी थांबेलच, असे नाही. पण एकाच क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच ग्राहकांच्या तक्रारी आल्या, तर कंपनीला कारवाई करणे भाग पडते. त्या पाचांपैकी एक आपण व्हावे. दूरगावी कोणी तरी आपल्या माणसाच्या खुशालीची वाट पाहत असेल; घंटा वाजली, तर ती त्याच्याच घरची असावी.