पडदे रंगवणाऱ्यांची कंपनी

जाहिरात एजन्सीत किंवा ॲनिमेशन स्टुडिओत नव्याने लागलेली पोरं हल्ली कौतुकाने सांगतात, ‘आमच्याकडे सगळे सगळं करतात.’ कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शंभर वर्षांपूर्वी दुसरा मार्गच नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाबूराव पेंटरांनी ती काढली, तेव्हा भांडवलाला हातभार लावला तानीबाई कागलकर या गायिकेने. बाकी भांडवल म्हणजे हातातली कला. बाबूराव मूळचे मिस्त्री घराण्यातले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचं आडनावच ‘पेंटर’ झालं.

सिनेमा काढायचं वेड बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव या दोघांचं. आनंदराव १९१६ साली गेले आणि पुढचं काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून नेलं. त्यांनी कॅमेरा घरीच घडवला. हे वाचायला सोपं वाटतं. फिल्मच्या एका चौकटीला कडेला चार भोकं असतात आणि चौकटीची उंची जेमतेम पाऊण इंच. हँडल फिरवलं की आकड्याने त्या भोकांत शिरून फिल्म नेमकी एक चौकट खाली ओढायची, क्षणभर स्थिर धरायची, उजेड आत घ्यायचा, पुन्हा ओढायची. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा. दात्यात केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावर देवळाचा कळस थरथरतो. असं यंत्र ज्यांनी कानशीने घासून जुळवलं, त्यांची मूळ ओळख चित्रकार अशी होती, हे मला त्यांच्या सिनेमांपेक्षाही नवलाचं वाटतं.

कामाची वाटणी नावापुरतीच होती. दामले यंत्रात रमणारे आणि त्यांचे जोडीदार फत्तेलाल चित्रात, पण सेट उभारायला दोघेही. पडद्यावर रंगवलेला वाडा कॅमेऱ्यापुढे सपाट दिसतो, हे पडदे रंगवणाऱ्यांनाच आधी कळलं असावं. इथे खांब, कमानी, जिने खरेखुरे उभे राहिले. बाबूराव प्रसंग आधी कागदावर रेखाटत, पोशाखही स्वतः काढत, आणि जाहिरातीची पोस्टरंही घरचीच.

१९२० साली कंपनीत व्ही. शांताराम आले, ते मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने. वय अठरा-एकोणीस. पडेल ते काम आणि मिळेल ती भूमिका. कंपनीच्या ‘सिंहगड’मध्ये हेच पोरगं शेलारमामा झालं, ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी. ‘सिंहगड’साठी १९२३ साली कृत्रिम प्रकाश वापरून रात्र टिपली, तोवर चित्रीकरण सूर्य असेल तेवढंच.

या मोकळ्या वातावरणाची किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. ‘सैरंध्री’ या सिनेमात बाबूरावांनी स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई झाल्या कमलादेवी, अनुसूयाबाई झाल्या सुशीलादेवी. नाटकात पुरुषांनी नेसलेल्या नऊवारीवर जीव टाकणाऱ्या समाजाने या दोघींना वाळीत टाकलं आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. कंपनी म्हणजे कुटुंब असं बोलताना कुणी हे फारसं सांगत नाही.

कुटुंब म्हटलं की गुरू आला, आणि शेवटचा शब्द गुरूचाच. दिग्दर्शनाची संधी शिष्यांना मिळाली, पण उशिरा. शांतारामांचा ‘नेताजी पालकर’ १९२७ चा. तोपर्यंत कॅमेरा, सेट, अभिनय, छपाई सगळं या शिष्यांच्या हातात बसलेलं. लहान कंपनीत माणूस मालकाइतकंच शिकतो, मात्र मालकीत त्याला जागा नसते. दुखणं नेमकं तिथे असतं, असं माझं मत. माहितीची कुलपं नसतात, म्हणून बाहेर पडणाऱ्याला काहीच मागे ठेवावं लागत नाही.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि कंपनीतलेच केशवराव धायबर यांनी त्याच गावात ‘प्रभात’ काढली. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, त्यांचा पैसा. गुरूची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. ‘प्रभात’ने मात्र १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला, पुढच्याच वर्षी बिऱ्हाड पुण्याला हलवलं, आणि दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला.

‘प्रभात’मध्ये सगळे भागीदार, म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला, असं कुणालाही वाटलं असतं. धायबर काही वर्षांतच बाहेर पडले. १९४२ साली शांतारामही निघाले आणि त्यांनी मुंबईत परळला स्वतःचं ‘राजकमल’ उभं केलं. तिथे भागीदार नव्हते.