चार अटी, एक कावड
रोजची सर्जनशीलता : लेखांक 7

मागच्या लेखांकात ग्रॅहॅम वालस या इंग्रज अभ्यासकाने 1926 साली सांगितलेल्या चार पायऱ्या आपण पाहिल्या: तयारी, मुरणं, सुचणं आणि तपासणं. या पायऱ्या ऐकल्या की बहुतेकांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. हे सगळं ठीक आहे हो, पण त्याला मोकळा वेळ लागतो, हाताशी चार पैसे लागतात, डोक्याला निवांतपणा लागतो. आमच्याकडे यातलं काहीच नाही, मग सुचणार कुठून?

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ते पटवायला लांब जायची गरज नाही, अकोल्यात मोर्णा ओलांडली तरी पुरे. स्टेशनकडून आलात की अलीकडे बाजारपेठ, पलीकडे जुने शहर. नदीकाठी असदगडाचा बुरूज, आत दाटीवाटीच्या गल्ल्या आणि अख्ख्या गावाचं दैवत असलेला राजराजेश्वर. शेवटच्या श्रावण सोमवारी या मंदिराकडे येणारे रस्ते माणसांनी फुलून जातात, कारण त्या दिवशी कावडी येतात. ही परंपरा 1944 सालापासूनची सांगतात. त्या वर्षी पाऊस रुसला होता, म्हणून भक्तांनी पूर्णेचं पाणी आणून राजेश्वराला घातलं, आणि तो शिरस्ता पडला.

या उत्सवाच्या अटी कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. पाणी गांधीग्रामच्या पूर्णेचंच हवं. ते खांद्यावरून आणायचं. पायी आणायचं. आणि सोमवारी राजेश्वराच्या पिंडीवर पोचवायचं. गांधीग्राम अकोल्याहून सुमारे 18 किलोमीटर. रविवारी मंडळं निघतात, नदीवर पाणी भरतात आणि ‘हर्र बोला महादेव’ करत परततात. बहुतेकांचे पाय अनवाणी असतात.

अटी चारच, पण पिढ्यानपिढ्या त्याच. मग दर वर्षी प्रत्येक मंडळाची कावड वेगळी कशी दिसते?

साधी कावड आपल्याला माहीत आहे: एक बांबू, दोन टोकांना दोन भांडी, मधे खांदा. अकोल्याची मोठी कावड म्हणजे निराळंच प्रकरण. तिची ओळखच ती किती भरण्यांची, म्हणजे किती भांड्यांची, यावर असते, आणि हा आकडा शेकड्यांत जातो. आता हिशोब करू. एका भांड्यात दोन लिटर पाणी धरलं, तर शंभर भांड्यांत नुसतं पाणीच 200 किलो. भांड्यांचं वजन वेगळं, बांबूंचं वेगळं. एका बांबूचं हे काम नव्हे. आडवे-उभे बांबू दोराने आवळून सांगाडा करावा लागतो, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. गाठी फार घट्ट मारल्या तर पावलागणिक बसणारा हिसका सरळ खांद्यात उतरतो. सैल ठेवल्या तर वळणावर सांगाडा मुरगळतो. उंच आणि बुटकी पोरं एका रांगेत आली की सगळा भार उंचावर पडतो आणि बुटका नुसता हात लावून चालतो. भांडी काठोकाठ भरली तर पाणी सांडतं, अर्धी ठेवली तर डुचमळून चाल बिघडवतं. अकोट रोडवर ऐसपैस चालणारा रुंद सांगाडा जुन्या शहरात शिरल्यावर अंग चोरून न्यावा लागतो.

बांबू लवण्यामागे शास्त्रही आहे. रॉजर क्रॅम या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1991 मध्ये लवचीक दांड्यावर ओझं वाहणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दांडा लवचीक असला की खांद्यावर बसणारा कमाल जोर कमी होतो; एकूण श्रम मात्र वाचत नाहीत, असं त्यात आढळलं. आपल्या पोरांनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांना ते खांद्याने कळलेलं आहे.

हा जोड तुम्हाला कसा सुचला, असं मंडळातल्या एखाद्या जाणत्याला विचारा. तो हसण्यावारी नेतो. “सुचलं गिचलं काई नाई बाप्पा. मांगच्या साली वळनावर बांबू कचकला, म्हून यंदा गाठ बदलली.” आणि लगेच कुणाला तरी हाक मारून दोर आणायला पिटाळतो. सर्जनशीलतेच्या जाड्या ग्रंथांत जे पानोपानी समजावलेलं असतं, ते या दोन वाक्यांत आलं. आधी अडचण नेमकी कुठे आहे ते दिसलं, वर्षभर ती डोक्यात राहिली, मग हात चालला, आणि जमलं की नाही ते पुढचा श्रावण सांगणार. वालसच्या चारही पायऱ्या इथे आहेत, फक्त कुणी पायऱ्या मोजत बसलेलं नाही.

जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो या दोघांनी 2009 मध्ये सर्जनशीलतेचे चार स्तर सांगितले. शिकताना स्वतःपुरतं काही उमगणं हा पहिला, रोजच्या व्यवहारातली युक्ती दुसरा, पेशातलं कसब तिसरा आणि जग बदलणारी थोर निर्मिती चौथा. आपण सगळी चर्चा चौथ्यावर करतो आणि मग ‘आपल्यात ते नाही बुवा’ म्हणून मोकळे होतो. कावडीची गाठ दुसऱ्या स्तरावरची, आणि ही लेखमालाही तिथलीच.

आता अटींकडे येऊ. मोकळं रान दिलं की माणसाला भरपूर सुचतं, हा समज फार पसरलेला आहे. अनुभव वेगळा आहे. ‘कशावरही निबंध लिहा’ म्हटलं की वर्ग पेन चावत बसतो. ‘पावसात भिजलेल्या कापसाच्या गंजीवर लिहा’ म्हटलं की वऱ्हाडातल्या पोराकडे सांगण्यासारखं काहीतरी निघतंच. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला जात्यावरच्या ओव्यांचा. वेळ पहाटेची, जागा जात्यापाशी, लय दगडाच्या फिरण्याची, लांबी मोजक्या ओळींची, आणि हात सतत अडकलेला. याहून बांधलेली अवस्था कोणती? तरीही गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ज्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्या रचणाऱ्या बायकांना निवांत वेळ कुणी दिला नव्हता.

पण थांबा. इथून ‘माणसाला जितकं आवळाल तितकं बरं’ असा अर्थ काढणारे साहेब प्रत्येक कार्यालयात असतात, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या टेरेसा अमाबिले यांनी 1985 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिण्याची आवड असलेले 72 जण घेतले. काहींना लिहिण्याच्या आनंदाशी निगडित कारणांचा क्रम लावायला सांगितला, काहींना पैसा, नाव, नोकरी अशा बाहेरच्या कारणांचा. काहींना असं काहीच दिलं नाही. मग सगळ्यांकडून हायकू लिहून घेतले. परीक्षकांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. बाहेरच्या कारणांवर काही मिनिटं विचार केलेल्यांच्या कविता फिक्या ठरल्या. म्हणजे अटी दोन जातींच्या. एक कामाच्या पोटातून येते: पाणी सांडू नये, ओवी जात्याच्या लयीत बसावी. ती डोकं चालवायला लावते. दुसरी बाहेरून लादलेली असते: कोण पाहतंय, किती मिळणार, पहिला नंबर कुणाचा. तिच्याखाली माणूस ठरलेलं, धोका नसलेलंच करतो.

कावडीतही ही दुसरी जात शिरलेली आहे, हे बोलायला हवं. अमक्याच्या कावडीला इतकी भांडी, मग आपल्या कावडीला त्याहून जास्त, ही चढाओढ मला फारशी रुचत नाही. आकडा वाढवायला वर्गणी पुरते. भिंती हादरवणारा डीजेही भाड्याने मिळतो, त्यात मंडळाचं स्वतःचं काय असतं? गर्दी त्याच्यामागे धावते, हेही खरं. पण रस्त्याकडेच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींकडे लक्ष द्या. ते भांडी मोजत नाहीत. कावड वळणावर कशी वळते, खांदा न थांबता कसा बदलतो, ते पाहतात, आणि मनासारखं जमलं तर मान डोलावतात.

त्या डोलणाऱ्या मानेलाही आपल्या जुन्या शास्त्रकारांनी प्रतिभाच म्हटलं आहे. दहाव्या शतकाच्या आगेमागे कनौजच्या दरबारी असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त प्रतिभेचे दोन प्रकार केले: रचणाऱ्याची कारयित्री आणि जाणणाऱ्याची भावयित्री. हा राजशेखर आपल्याला परका नाही. त्याचं घराणं महाराष्ट्रातलं. त्याच्या ग्रंथातल्या कथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमला. 1998 पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, तेव्हा थोडी मिजास अकोल्यानेही करायला हरकत नाही.

राजशेखर नुसती व्याख्या करून थांबत नाही, कवीला दिवसाचं वेळापत्रकच आखून देतो. पहिल्या प्रहरी अभ्यास. दुसऱ्या प्रहरी रचना. जेवणानंतर तिसऱ्या प्रहरी मित्रांबरोबर काव्याच्या गप्पा. चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेलं तपासायचं, एकट्याने किंवा मोजक्या माणसांत. कारणही देतो: रचताना माणूस रसाच्या आवेगात असतो, तेव्हा बरं-वाईट निवडणारी नजर त्याच्याजवळ नसते. करणं आणि पारखणं यांची वेळ वेगळी ठेवा, हे आज कार्यशाळांमधून फी घेऊन शिकवतात.

आपल्याला चार प्रहर मोकळे मिळणार नाहीत. पण सकाळी केलेलं संध्याकाळी पाहणं कुणालाही जमतं. शिक्षक असाल तर उद्याचा पाठ आज रात्री लिहा आणि सकाळी खोडा. दुकानदार असाल तर मांडणी दुपारी बदला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं राहून पाहा. करता करताच ‘छे, हे काही खरं नाही’ म्हणणारा जो आतला मास्तर आहे, त्याला संध्याकाळची वेळ देऊन ठेवली की तो सकाळी कमी छळतो.

या आठवड्याचा स्वाध्याय अटीचा आहे. रोजच्या एका कामातून नेहमीची एक वस्तू काढून घ्या आणि काम मात्र व्हायलाच हवं, असं ठरवा. भाजीत शेंगदाण्याचा कूट घालायचा नाही, पण रस दाट झाला पाहिजे. मुलाला अपूर्णांक शिकवायचे, पण वही-पेन्सिल न घेता. कार्यालयातली सूचना लिहायची, पण ‘तरी’, ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ हे शब्द न वापरता. एकच अट घ्या आणि सात दिवस तीच ठेवा. पहिले दोन दिवस चिडचिड होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाकडे लक्ष द्या, कारण तोवर सवयीच्या वाटा संपलेल्या असतात. काय केलं ते तारखेसह दोन ओळींत टिपून ठेवा आणि टिपण संध्याकाळीच वाचा.

पुढच्या लेखांकात भावयित्रीकडे वळू: दुसऱ्याने केलेलं नीट पाहायचं कसं, आणि ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्यांना जे दिसतं ते आपल्याला का दिसत नाही.