डोंगरवाटेची दौड आणि ऊन

नेऱ्यासारख्या गावात पहाटे रस्त्याने धावणारी पोरं दिसली की आपण ओळखतो, पोलीसभरती जवळ आली. भरतीतली १,६०० मीटरांची धाव पाचसहा मिनिटांत आटोपते. पण त्यांच्यातलाच एखादा उद्या शाळेत येऊन म्हणाला, “गुरुजी, डोंगरातली मॅरेथॉन पळायची आहे,” तर त्याला काय सांगाल? साताऱ्याला २०१२ पासून घाटातली २१ किलोमीटरांची शर्यत होते. सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी दौडही होते. तेव्हा हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही.

आपली पोरं काटक, त्यांना तयारी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. काटकपणा खराच. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. मात्र तिथली हवा थंड होती. त्याआधी १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला हीच शर्यत ऐन उन्हात, धुळीच्या चढउतारांच्या रस्त्यावर झाली आणि वाटेत पाणी मिळायची सोय अवघी दोन ठिकाणी ठेवली होती. बत्तीस जण निघाले, चौदा पोचले. ते काय दुबळे होते?

चढाची धास्ती सर्वांना असते, पण चढ एका परीने सोपा. दम लागला की चालावं. तीव्र चढावर मुरलेले धावपटूही चालतात, त्यात कमीपणा नाही. पाय मोडतो तो उतार. विहिरीत भरलेली घागर हळूहळू खाली सोडताना दोर धरणारा हात कसा ताणला जातो, पाहा! उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूची तीच गत होते: शरीराचा भार आवरायचा आणि त्याच वेळी लांबतही जायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, जिन्याची पायरी उतरवत नाही. गंमत अशी, की स्नायू हा धडा लवकर शिकतो. थोडा उतार धावून चारपाच दिवस जाऊ दिले, तर पुढच्या वेळी तेवढाच उतार पुष्कळ कमी दुखतो. तेव्हा आठवड्यातून एकदा उताराचा सराव ठेवावा. नेऱ्याजवळ कासारसाई धरणाच्या भोवती टेकड्या आहेत, सुरुवातीला तेवढ्या बस्स झाल्या. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, नजर चारपाच पावलं पुढे.

आता ऊन. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पहिले काही दिवस निम्म्याच जोरानं, सकाळच्या कोवळ्या उन्हात धावावं. एकदम दुपारी नव्हे. पावसाळ्यात फसगत वेगळी. हवा दमट, घाम गळतो पण वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय तो अंग थंड करीत नाही.

पाणी किती प्यावं? तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं, तर सुमारे एक लिटर घाम गेला. मात्र वजन वाढेपर्यंत साधं पाणी ढोसणंही घातक. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. तहानेच्या धोरणाने घोट घोट प्यावं. लांब पल्ल्याला सोबत जलसंजीवनी असावी: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजपंचे टाकू नये.

शिक्षकांनी एक खूण मात्र ध्यानात ठेवावी. धावता धावता मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहू नये. धावणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. त्याला सावलीत निजवा, कपडे सैल करा, मिळेल ते गार पाणी सर्वांगावर ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने १०८ ला फोन करावा, पण बाकीच्यांनी पाणी ओतणं गाडी येईपर्यंत थांबवू नये.