भोपळा रंगवण्याआधी त्याची साल ओळखा

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कुठल्याही वस्तीतून चक्कर मारली, तर घरांच्या पायऱ्यांवर दोन तऱ्हेचे भोपळे दिसतात. एक कोरलेले : त्रिकोणी डोळे, वेडेवाकडे दात, आत मेणबत्ती. दुसरे अख्खेच, पण रंगवलेले. कुणावर निळी-पांढरी वेलबुट्टी, कुणावर नुसते ठिपके, तर कुणी सगळा काळा करून त्यावर खडूने नावं लिहिलेली. ३१ ऑक्टोबरची हॅलोविनची रात्र सरते आणि दोन-चार दिवसांत कोरलेल्या भोपळ्याचे दात आत वळू लागतात, टाळूला आतून काळी लव धरते, बूड पाणी सोडतं. रंगवलेला मात्र नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपर्यंत खुशाल बसून असतो. दोन्ही एकाच शेतातून, एकाच दिवशी आणलेले असले तरी.

हा फरक पडतो सालीच्या अगदी वरच्या, केसाच्या जाडीहूनही पातळ असलेल्या पापुद्र्यामुळे. क्युटिन नावाचा निसर्गाने बनवलेला पॉलिएस्टर आणि त्यात मुरलेलं, वर पसरलेलं मेण, असा तो पापुद्रा. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि हा पापुद्रा ते बाहेर जाऊ देत नाही. बुरशीलाही तो सहजी आत शिरू देत नाही.

सुरी चालवली की ही तटबंदी गेली. कापलेल्या कडेवरच्या पेशी फुटतात, त्यांतला गोडसर रस उघडा पडतो. पेनिसिलियम, फ्युजेरियम, ऱ्हायझोपस, बॉट्रायटिस या बुरशींचे बीजाणू हवेत आणि मातीत असतातच. त्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनवर त्या आपली विकरं सोडतात, पेक्टिन विरघळतं आणि टणक गराचा लगदा होतो. त्यात आतली मेणबत्ती ऊब पुरवते. बुरशीच्या दृष्टीने याहून चांगली सोय कुठली?

अख्ख्या भोपळ्याची गोष्ट निराळी, कारण तो अजून जिवंत असतो. वेलीवरून तोडला तरी त्याचं श्वसन चालूच राहतं : साठवलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू जाळायची, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडी उष्णता बाहेर टाकायची. लहानसहान ओरखडे तो स्वतः भरूनही काढतो. जखमेखालच्या पेशी बुचासारखा थर बनवतात. अमेरिकी शेतकरी याचाच फायदा घेतात. काढणीनंतर साधारण दहा दिवस भोपळे २७ ते २९ अंश सेल्सिअसला ठेवतात, म्हणजे साल कडक होते आणि ओरखडे मिटतात. मग १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागेत ते दोन-तीन महिने टिकतात. कोकणात देठ न मोडता माळ्यावर ठेवलेले भोपळे पुढे कित्येक महिने भाजीला पुरतात, त्यामागचं तंत्र फार वेगळं नाही. देठाबद्दल तर दोन्हीकडे एकमत आहे. देठ धरून भोपळा उचलला आणि तो निखळला, की बुरशीला सरळ आत जायचा रस्ता मिळतो. रंगवायला भोपळा निवडताना मी पाहीन तर आधी देठ पाहीन, गोलाई नंतर.

आता रंगाकडे येऊ. भोपळ्यावर चार थेंब पाणी शिंपडून पाहा. ते पसरत नाही, मण्यांसारखं गोळा होतं आणि खाचेतून घरंगळतं. पाण्याचे रेणू एकमेकांना जितके ओढतात, त्याच्या मानाने मेण त्यांना फारच कमी ओढतं. पातळ कालवलेला पोस्टर कलर म्हणजे बहुतांशी पाणीच. तोही असाच आकसतो, वाळल्यावर भेगाळतो आणि पहिल्या पावसात ओघळून जातो. शाळकरी मुलांचे भोपळे दुसऱ्या दिवशी रडवेले दिसतात ते यामुळे. उपाय सोपा आहे. आधी ओल्या फडक्याने माती पुसायची, भोपळा पूर्ण वाळू द्यायचा, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा. हाताचं तेल आणि वरवरचा मेणटपणा बराचसा निघतो. बीजाणू कमी व्हावेत म्हणून काही जण ब्लीच घातलेल्या पाण्याने पुसतात, तेही ठीक. मात्र त्यात व्हिनेगर मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. सॅंडपेपर घासून साल खरखरीत करायचा सल्लाही कुणी देतं. तो मला पटत नाही. ज्या पापुद्र्याच्या जिवावर भोपळा टिकायचा, तोच आपण खरवडून काढायचा? त्यापेक्षा प्रायमरचा एक पातळ हात द्यावा.

या कामाला सगळ्यांत सोयीचा रंग म्हणजे ॲक्रिलिक. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की गोळे एकमेकांना खेटतात, दबतात आणि वितळल्यासारखे एकजीव होऊन सलग पडदा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पण हे एकजीव होणं तापमानावर अवलंबून असतं. साधारण ९-१० अंशांच्या खाली गोळे कडक राहतात, पडदा नीट जमत नाही, रंग भुकटीसारखा सुटतो.

गंमत अशी की भोपळ्याचाही उंबरठा हाच आहे. हा मुळात उष्ण प्रदेशातला वेल. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत सापडलेल्या बिया सांगतात, की माणूस त्याची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपासून करतोय. १० अंशांच्या खाली तो फार दिवस राहिला, तर त्याच्या पेशींची आवरणं बिघडतात, क्षार झिरपू लागतात, आणि पुन्हा ऊब मिळाली की त्या कमजोर जागी कूज सुरू होते. दव गोठलं तर विचारायलाच नको; बर्फाचे कण पेशी फोडतात. म्हणून शिकागोसारख्या ठिकाणी भोपळा घरात रंगवावा, घरातच वाळवावा आणि कडाक्याच्या रात्री आत घ्यावा.

पूर्ण भोपळा रंगाने माखला तर तो गुदमरेल का, असं मुलं हमखास विचारतात. ॲक्रिलिकचा पातळ थर वाफेला थोडीफार वाट देतो आणि पिकल्या फळाचं श्वसन मुळातच मंद असतं. तरी देठ आणि बूड कोरं ठेवणं शहाणपणाचं, आणि वरून व्हार्निशचे जाड थर चढवण्याची हौस आवरावी. त्याखाली ओल अडकली की रंगाच्या आडून कूज चालू राहते आणि बोट लावल्यावरच कळते. गडद रंगाचाही एक तोटा आहे. खडूने लिहायला केलेला काळा भोपळा उन्हात बराच तापतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. काळा सावलीत ठेवा, पांढरा उन्हात चालेल.

पांढऱ्यासाठी रंगाचीही गरज नाही. भोपळ्याचा केशरी रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, हिरवा हरितद्रव्याचा. 'लुमिना' आणि चिमुकला 'बेबी बू' या वाणांची साल मात्र पांढरी असते. 'जाराडेल' निळसर राखाडी येतो. चिनी मातीच्या भांड्यांसारखी निळी नक्षी काढायला लुमिनासारखा तयार कागद नाही. मेणखडूंचे तुकडे देठाभोवती चिकटवून हेअर ड्रायरने वितळवले तर रंगांचे ओघळ खाचांतून उतरतात आणि छान चिकटतातही. मेणाला मेणाचं वावडं नसतं.

दिवाळी आणि हॅलोविन मागेपुढेच येतात, २०२४ साली तर दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच होते. तेव्हा तिकडच्या मराठी घरांत भोपळ्यावर वारली चित्रं किंवा ठिपक्यांची रांगोळी काढायचा मोह होणं साहजिक आहे. वारलीचा पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक. शेणा-गेरूने सारवलेली भिंत ते पाणी शोषून घेते आणि पीठ तिच्यात रुतून बसतं. भोपळ्याची साल काहीच शोषत नाही, म्हणून तिथे पिठाचे पोपडे निघतात. आकृत्या वारलीच्या घ्याव्यात, पांढरा ॲक्रिलिकचा घ्यावा. ठिपक्यांच्या रांगोळीची अडचण भूमितीची आहे. सपाट जाळी गोलावर न ताणता, न चुरगाळता बसत नाही, हे गाउसने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. नकाशे काढणाऱ्यांची डोकेदुखी ती हीच. भोपळ्याने मात्र आपल्याला उभ्या खाचा आखूनच दिल्या आहेत. दोन खाचांमधली प्रत्येक फाक वेगळी धरायची, पोटाशी ठिपके लांब लांब, देठाकडे जवळ जवळ. नक्षी आपोआप कमळासारखी मिटत जाते.

न कोरलेल्या भोपळ्यावर एकच आक्षेप उरतो : उजेडाचं काय? ही प्रथा आली तीच दिव्यासाठी. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात उजेड ठेवत. तिथल्या मेयो परगण्यातल्या संग्रहालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा एका सलगमाचा प्लास्टरमधला ठसा आहे, आणि तो चेहरा आजच्या कुठल्याही भोपळ्यापेक्षा भयानक आहे. स्थलांतरित आयरिश लोकांना अमेरिकेत मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला. आज कापल्याशिवाय उजेड हवा असेल तर अंधारात चमकणारा रंग आहे. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळून तो बनवला. प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात, स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात आणि मग तासन् तास एकेक करून सुटत हिरवट प्रकाश देतात. आधीचा झिंक सल्फाइडचा रंग फार लवकर मंदावायचा. त्याच्याही आधी घड्याळाच्या तबकड्यांना रेडियम लावत. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी ओठांनी ब्रशला टोक काढत ते काम करणाऱ्या मुलींचे जबडे त्याने पोखरले. आजच्या रंगात किरणोत्सार नाही. तो पांढऱ्या अस्तरावर द्यावा, म्हणजे प्रकाश शोषला न जाता बाहेर फेकला जातो.

एक रंग मात्र नुसत्या शोभेचा नाही. दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर त्या घरी मुलांना खाऊऐवजी खेळणी, स्टिकर असं काही मिळणार, असा त्याचा अर्थ. शेंगदाणे, दूध, अंडी यांची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही घरोघर फिरता यावं म्हणून २०१४ पासून फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन ही संस्था हा उपक्रम देशभर चालवते. रंगवलेल्या भोपळ्याचा इतका नेमका उपयोग मला दुसरा माहीत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा वर्षानुवर्षं टिकतो, मग हा का नाही? कारण जात वेगळी. तंबोऱ्याचा भोपळा दुधीच्या कुळातला. त्याच्या कवचात लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारं द्रव्य, भरपूर असतं. आतलं पाणी महिनोन् महिने हळूहळू निघून जातं आणि कवच लाकडासारखं उरतं. हॅलोविनच्या भोपळ्याची साल त्या मानाने नाजूक आणि गर जाड. तो वाळण्याआधी सडतो, मग कितीही सुरेख रंगवा.

आणि सडेल तेव्हा रंगाची अडचण होते. कोरलेला भोपळा खतात जातो, डुकरांना घालता येतो. ॲक्रिलिक लावलेला दोन्हीकडे चालत नाही, कारण तो रंग म्हणजे प्लॅस्टिक. नाइलाजाने कचऱ्याच्या डोंगरात गेला तर तिथे हवेविना कुजून मिथेन सोडतो. रंगीत साल जाडसर सोलून काढावी आणि उरलेला भोपळा खतात टाकावा, एवढं तरी करता येतं. गर घट्ट दिसला तरी तो रंगवलेला, आठवडेच्या आठवडे बाहेर राहिलेला भोपळा भाजीत घालू नये.

ज्यांच्या परसात वेल आहे त्यांच्यासाठी रंगाविना लिहिण्याचीही एक रीत आहे. फळ कोवळं, हिरवं असताना खिळ्याच्या टोकाने सालीवर अगदी उथळ नाव कोरायचं. चीक येतो, वाळतो, आणि काही दिवसांत ओरखड्याच्या जागी भुरकट बुचाची रेघ उठते. फळ फुगत जातं तशी अक्षरंही ताणत, रुंदावत जातात, म्हणून सुरुवातीला ती बारीक आणि जवळ जवळ काढावीत. खिळा आधी उकळून घ्यावा आणि पावसाळी दिवस टाळावा. ओल्या जखमेत बुरशी आधी पोचते, बूच मागून.