जादा डाव

सकाळी 6. नागपंचमी होऊन गेली तरी शिराळ्यातला पाऊस हटायला तयार नाही. तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेत आज मी वेळाधिकारी. मैदानाच्या खालच्या अंगाला पाणी साचलं होतं. पोरांना घेऊन कोरडी माती पसरली. मग सुतळी ताणून आखणी केली, 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. ओल्या मातीत फक्की विरघळते, म्हणून मधली पाटी दोनदा मारली. खांब मात्र मी स्वतः हलवून बघतो. वेगात आलेली मुलगी सगळा भार त्याच्यावर टाकून वळते. खांब डुलला तर मनगट गेलंच.

सकाळी 9. मुलांचे सामने. सगळे एकतर्फी.

दुपारी 1. पिठलं-भाकरी. शेजारी डबे सोडून बसलेल्या मुलींच्या तोंडी प्रियांका इंगळेचं नाव. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो तिच्या संघानं जिंकला. तिथे मॅट होती. या मुली चिखलात गुडघे सोलून घेतात आणि तरी तिच्यासारखंच धावायचं म्हणतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

दुपारी 3.30. मुलींचा अंतिम सामना, एक शाळा वारणाकाठची, एक मोरणाकाठची. पहिला डाव 8-7, वारणाकाठ पुढे. दुसऱ्यात वारणेची एक शेलाटी मुलगी एकेरी साखळी धरून पळत राहिली. हुलकावणी अशी, की पाठलाग करणारी खो देऊन मोकळी होईपर्यंत ही दोन जणींच्या पुढे. तरीही मोरणाकाठनं तो डाव 7-6 घेतला. एकूण 14-14.

दुपारी 4.35. सर आली. मैदान पुन्हा भिजलं, कोरडी माती पुन्हा टाकली. संयोजकांपैकी एक जण म्हणाले, "सर, टॉस उडवा की. पोरींची शेवटची एसटी चुकंल." एसटीची काळजी खरीच होती. पण सामन्याच्या सरपंच, म्हणजे मुख्य पंच असलेल्या बाई म्हणाल्या, "पोरींनी दुपारभर रक्त आटवलंय, नाण्यावर कशाला सोडायचं?" नियमही तेच सांगतो: बरोबरी झाली तर जादा डाव. गावात जीप सांगून ठेवली.

सायंकाळी 5.15. जादा डाव. नऊ मिनिटं आक्रमण, नऊ मिनिटं संरक्षण. पाय जड झालेले, खो उशिरा पडतोय. 6-6!

सायंकाळी 5.50. आता लघुत्तम आक्रमण. पहिला गडी जो संघ कमी वेळात टिपेल, तो जिंकला. इथे सगळा भार घड्याळावर, म्हणून दोन घड्याळं लावली. एक माझ्या हातात, एक सहायकाच्या. वारणाकाठला लागले 1 मिनिट 52 सेकंद. मग मोरणाकाठ उठलं. मध्येच फाउल, चूक सुधारेपर्यंत शिट्टी वाजत राहिली. घड्याळ चालूच, ते थांबवायचं नसतं. चुकलेली मुलगी रडवेली होऊन मागे फिरली, दिशा धरली, खो दिला. पुढचीनं खांबापाशी चिखलात सूर मारला आणि शेलाटीची टाच टिपली. मी कळ दाबली. 1 मिनिट 40.

सायंकाळी 6.10. वारणाकाठचे क्रीडाशिक्षक गुणपत्रकापाशी आले, वेळ पुन्हा बघायची म्हणाले. तो त्यांचा हक्कच. मी दोन्ही घड्याळं पुढे ठेवली. सहायकाच्या घड्याळात 1 मिनिट 41. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, खिशातून पेन काढलं आणि सही केली.